तो माणूस कुठे आहे? तमिळ चित्रपटांतील गुन्हा आणि शिक्षा: एक अभ्यासपाठ



या तिमाहीचा अभ्यासपाठ चित्रपटांवर आहे हे पाहून काहींना नवल वाटेल. आपल्या मंडळ्यांमध्ये सिनेमाचा विषय बहुधा तरुण संघाला ताकीद देण्यापुरताच निघतो. परंतु मुळशी तालुक्यातील कातकरी वाड्यांत काम करताना मी रोज पाहते, की जिथे अजून पुस्तक पोहोचले नाही तिथे मोबाईलवर सिनेमा पोहोचला आहे. गुन्हेगार कोण, पोलीस कसे असतात, न्याय म्हणजे काय, याची पहिली शिकवण मुलांना तिथूनच मिळते. म्हणून ती शिकवण कोणती आहे, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

यासाठी मी तमिळ भाषेतील काही चित्रपट निवडले आहेत. तमिळ चित्रपटसृष्टीने गुन्हा आणि शिक्षा या विषयावर दोन्ही प्रकारचे चित्रपट काढले आहेत: मारणाऱ्या पोलिसासाठी टाळ्या मिळवणारे, आणि मार खाणाऱ्या माणसाच्या बाजूला जाऊन बसणारे. दोन्ही प्रकार हिंदीतून आपल्या घरांत आलेले आहेत.

१. टाळी कशाला पडते?

२०११ साली आलेला 'सिंघम' हा हिंदी चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातला बाजीराव सिंघम मराठी बोलतो, म्हणून तो आपल्याला आपलाच वाटतो. पण मूळ कथा तमिळ आहे. दिग्दर्शक हरी यांचा 'सिंगम' २०१० साली आला आणि त्यात नायक होते सूर्या. या प्रकारच्या चित्रपटांत गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. त्यामुळे कोर्ट, साक्षीदार, वकील हे सारे मधले अडथळे वाटू लागतात. नायकाने ते बाजूला सारून हात उगारला की टाळी पडते.

अडचण इथेच आहे. प्रेक्षकाला सत्य आधीच दाखवलेले असते. खऱ्या आयुष्यात ते कोणालाही आधी दाखवलेले नसते. सत्य शोधण्यासाठीच तर साक्षीपुरावा आणि न्यायालय लागते.

त्याच सूर्या यांनी ११ वर्षांनंतर, २०२१ मध्ये, वकिलाचा काळा कोट घालून पोलिसांना प्रश्न विचारले. तो चित्रपट 'जय भीम'. त्याचे दिग्दर्शक टी. जे. ज्ञानवेल यांनी पुढे २०२४ मध्ये रजनीकांत यांना घेऊन 'वेट्टैयन' काढला. त्यात चकमकीत माणसे मारणारा अधिकारी एका निरपराध तरुणाला मारतो आणि मग त्या चुकीला सामोरा जातो. टाळीची सवय लावणाऱ्या चित्रपटसृष्टीतच त्या टाळीबद्दल शंका विचारली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते.

२. चौकशी नावाची शिक्षा

दिग्दर्शक वेट्रीमारन यांचा 'विसारणै' २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि पुढे भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. 'विसारणै' म्हणजे चौकशी. कोइम्बतूरचे रिक्षाचालक एम. चंद्रकुमार यांना आंध्र प्रदेशात पोलीस कोठडीत जे भोगावे लागले त्यावर त्यांनी 'लॉक अप' ही कादंबरी लिहिली. चित्रपटाचा पूर्वार्ध तिच्यावर आधारलेला आहे.

गोष्ट साधी आहे. पोट भरण्यासाठी गुंटूरला गेलेले तमिळ मजूर रात्री बागेत झोपतात. शहरात एक मोठी चोरी होते. त्यांना तेलुगू येत नाही, ओळखपाळख नाही, विचारायला येणारे कोणी नाही. म्हणून त्यांना उचलले जाते आणि गुन्हा कबूल करा म्हणून मारले जाते. न्यायालयात त्यांचे म्हणणे त्यांच्या भाषेतून समजून घेणारा एक तमिळ अधिकारी योगायोगाने भेटतो, तेव्हा कुठे न्यायाधीशांना खरी हकीकत कळते.

हे पाहताना मला आपल्या वाड्यांतली कुटुंबे आठवतात. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन ती वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला परजिल्ह्यांत जातात, काही थेट कर्नाटकात. त्यांच्याजवळ जातीचा दाखला नसतो, अनेकांकडे आधारकार्डही नसते. तिकडे काही घडले तर त्यांची भाषा कोण समजून घेणार?

३. 'जय भीम' आणि राजाकन्नू यांची हकीकत

'जय भीम' ची सुरुवात तुरुंगाच्या दारात होते. सुटून आलेल्या कैद्यांना जात विचारली जाते. वरच्या जातीचे घरी जातात. खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींचे लोक जुन्या, न उलगडलेल्या गुन्ह्यांसाठी पुन्हा पोलिसांच्या हवाली केले जातात. या एकाच दृश्यात सारा विषय आला आहे.

पुढे इरुलर या आदिवासी जमातीतील राजाकन्नू याला गावच्या पुढाऱ्याच्या घरी साप पकडायला बोलावतात. काही दिवसांनी त्याच घरातले दागिने चोरीला जातात आणि संशय त्याच्यावर येतो. त्याला आणि त्याच्या नातलगांना कोठडीत डांबून मारतात. मग पोलीस सांगतात की तिघेही पळून गेले. त्याची गरोदर पत्नी सेंगेनी नवऱ्याला शोधत वकील चंद्रू यांच्यापर्यंत पोहोचते.

ही कथा कल्पित नाही. १९९३ साली तमिळनाडूत राजाकन्नू नावाच्या मजुराचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. ते कुरवर समाजाचे होते. चित्रपटाने त्यांना इरुलर दाखवले आहे. त्यांच्या पत्नीने मद्रास उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीची याचिका केली. ती लढवणारे के. चंद्रू पुढे २००६ मध्ये त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले.

देहोपस्थितीच्या याचिकेचा अर्थ समजून घेऊ. माणूस चोर आहे की साव, हा प्रश्न ती विचारत नाही. ती एवढेच विचारते: तुम्ही नेलेला माणूस कुठे आहे? त्याला आमच्यासमोर उभा करा. चित्रपटात वकील चंद्रू केरळच्या राजन खटल्याचा आधार घेतात. आणीबाणीत, १९७६ साली, राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेले आणि तो परत आला नाही. त्याचे वडील ईच्छर वारियर हे हिंदीचे प्राध्यापक. त्यांनी १९७७ साली केरळ उच्च न्यायालयात हाच प्रश्न विचारला, आणि त्या प्रकरणात मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. एका बापाच्या प्रश्नात केवढे बळ होते, पाहा.

'जय भीम' मधील आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, तडजोडीसाठी पैसे देऊ केले जातात तेव्हा सेंगेनी ते नाकारते. दुसरी, तिला वकिलापर्यंत नेते ती मैत्रा, वस्तीत साक्षरतेचा वर्ग घेणारी शिक्षिका. चित्रपट संपल्यावर सर्वांच्या तोंडी वकिलाचे नाव राहते, मैत्राचे राहत नाही. पण तिच्याशिवाय सेंगेनीला वकिलाचे दार सापडले नसते.

चित्रपटाचे नाव तर आपल्याच मातीतले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते, आणि चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर एका मराठी कवितेतील ओळी येतात.

४. हे दुखणे आपलेही आहे

हे तमिळनाडूत घडते, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तेव्हा उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर महिला संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

संशयाचे मूळ आणखी मागे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तमिळ भागातले कुरवर त्यात होते, आपल्याकडचे पारधीही होते. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसवलेल्या वस्तीला आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. आपण मिशनची माणसे आहोत, म्हणून हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की अशा काही वसाहती मिशनरी संस्थांनी चालवल्या. मद्रास इलाख्यातील स्टुअर्टपुरम ही वसाहत मुक्तिफौजेकडे होती. त्यांनी शाळा काढल्या, काम दिले, आजारी माणसांची सेवा केली. पण हजेरीचे पुस्तकही त्यांच्याच हाती होते. दया केली, तरी माणसावरचा शिक्का तसाच राहिला.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु 'सराईत गुन्हेगार' या नावाचे नवे कायदे राज्याराज्यांत आले. अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख काढून टाकण्याचा आदेश द्यावा लागला. कायदा त्याच्या ७२ वर्षे आधीच गेला होता, त्याची सावली आत्ता कुठे पुसली जात आहे.

५. मुळशीत याचा अर्थ काय?

आमच्या तालुक्याचे नाव पडद्यावर नेले ते प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या मराठी चित्रपटाने. जमीन विकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो, हे त्यात दाखवले आहे. मोहन जोशी यांनी बाप आणि ओम भूतकर यांनी मुलगा उभा केला. पुढे त्यावरून 'अंतिम' हा हिंदी चित्रपट निघाला. जमीन आणि शिक्षा यांचे नाते मुळशीला जुनेच आहे. १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहात धरणाखाली जाणाऱ्या जमिनीसाठी सेनापती बापट यांच्यासह अनेकांनी तुरुंग भोगला.

'मुळशी पॅटर्न' मधल्या बापाकडे विकायला सातबारा तरी होता. कातकऱ्याकडे तो नाही. त्याची झोपडी दुसऱ्याच्या जमिनीवर, चूल मजुरीवर, पावसाळ्यात खेकडे-मासे. महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी येतात. तमिळनाडूच्या अशाच यादीत इरुलर आहेत.

गेल्या वर्षी एका वाडीच्या समाजमंदिरात आम्ही 'जय भीम' हिंदीतून दाखवला. सुरुवातीला इरुलर लोक शेतातल्या बिळांत धूर सोडून उंदीर बाहेर काढतात, ते दृश्य आले आणि सगळी वाडी खळखळून हसली. "हे तर आपल्यावानीच हायती," एक आजी म्हणाली. पुढे पोलीस झोपडीतली भांडी उपसून फेकतात तेव्हा मात्र एकदम शांतता झाली. कोणी रडले नाही, कोणी शिवी दिली नाही. नंतर त्याच आजीने मला विचारले, "ताई, आमच्याकडं ती वकिलाकडं नेणारी बाई कोण?"

तिच्या प्रश्नामागे त्या वाडीतलीच एक घटना होती. जवळच्या एका फार्महाऊसवरून पाण्याची मोटर चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या दोन पोरांना चौकशीसाठी नेले. कुठे नेले, हे कोणी सांगितले नाही. घरच्या बायका रस्त्यावर येऊन बसल्या, पण कोणाकडे जायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. रात्री पोरे परत आली. कागद नाही, नोंद नाही. मोटर त्यांच्याकडे मिळाली नाही. तरी त्यातल्या एकाला फार्महाऊसवर पुन्हा काम मिळाले नाही. गुन्हा सिद्ध झाला नव्हता, त्याच्यावर दाखलही झाला नव्हता. शिक्षा मात्र पूर्ण झाली.

या अभ्यासातून मला मिळालेला धडा हाच आहे. गरिबाच्या बाबतीत शिक्षा बहुतेक वेळा निकालाच्या आधीच होऊन जाते. म्हणून निकालाच्या दिवशी नव्हे, पहिल्या दिवशीच त्याच्याजवळ कोणीतरी असले पाहिजे.

६. पौलाने विचारलेला प्रश्न

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २२ वा अध्याय काढा. यरुशलेमेत दंगल होते. पौलावर लोक का ओरडत आहेत हे कळावे म्हणून सरदार त्याची फटके मारून चौकशी करण्याचा हुकूम देतो. तीही 'विसारणै'च. पौलाला वाद्यांनी बांधले जाते. त्या क्षणी तो चमत्कार मागत नाही आणि गप्पही बसत नाही. रोमी नागरिकाला, त्याचा न्याय झालेला नसताना, फटके मारणे कायद्याला धरून आहे काय, असे तो शताधिपतीला विचारतो. चौकशी करणारे लगेच मागे सरतात आणि सरदार घाबरतो.

पौलाला आपला हक्क ठाऊक होता आणि तो मोठ्याने बोलता आला. वाडीतल्या पोराला तो ठाऊक नाही, आणि ठाऊक असला तरी एकट्याने बोलण्याची त्याची हिंमत होत नाही. आपले काम या दोन्ही ठिकाणी आहे. म्हणून पुढील गोष्टी आपल्या प्रत्येक मंडळीत आणि वाडीत पाठ असाव्यात:

अटक करताना कारण सांगितले पाहिजे आणि घरच्यांना किंवा जवळच्या माणसाला कळवले पाहिजे.

अटकेचा पंचनामा तारीख-वेळेसह करून त्यावर घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घेतली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू खटल्यात हे नियम घालून दिले आणि आता ते कायद्यातच आले आहेत.

अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे.

साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर स्त्रियांना, १५ वर्षांखालील मुलांना आणि ६० वर्षांवरील पुरुषांना पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; त्यांच्या राहत्या घरीच चौकशी करावी लागते.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात गुन्ह्याचा पुरावा म्हणून चालत नाही.

अनुसूचित जमातीच्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. देशभराचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

यातले काहीही पोलिसांविरुद्ध नाही. नियम पाळणाऱ्या अधिकाऱ्याला विचारणारा माणूस आडवा येत नाही. 'जय भीम' मध्येही सत्य शोधून काढणारा एक वरिष्ठ पोलीस अधिकारीच आहे, हे विसरू नका.

७. वर्गासाठी सूचना आणि प्रश्न

'विसारणै' आणि 'जय भीम' या दोन्ही चित्रपटांत मारहाणीची दृश्ये फार कठोर आहेत. लहान मुलांना ते दाखवू नयेत. मोठ्यांच्या वर्गात 'जय भीम' दोन बैठकांत दाखवावा. तिघे पळून गेले असे पोलीस सांगतात तिथे थांबावे आणि चर्चा करावी. चर्चेसाठी हे प्रश्न घ्यावेत:

१. चित्रपटात पोलिसाने गुन्हेगाराला मारले तेव्हा आपण टाळी वाजवली आहे काय? तो निरपराध निघाला असता तर ती टाळी परत घेता आली असती काय?

२. आपल्या घरी, शेतावर किंवा संस्थेत काही चोरीला गेले तर पहिले नाव कोणाचे घेतले जाते? का?

३. सेंगेनीने पैसे का नाकारले असतील? तिच्या जागी आपण तिला कोणता सल्ला दिला असता?

४. पौलाने आपला नागरिकत्वाचा हक्क वापरला. हक्क मागणे हे नम्रतेच्या विरुद्ध आहे, असे आपल्याला शिकवले गेले आहे काय? या अध्यायावरून काय दिसते?

५. आपल्या मंडळीत रात्री-अपरात्री वाडीतून फोन आला तर उठून सोबत जाणारी दोन माणसे कोण? त्यांची नावे आजच्या बैठकीतच कागदावर लिहा, त्यांचे क्रमांक वाडीत नेऊन द्या आणि पोलीस पाटलांनाही कळवा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर लिहिल्याशिवाय वर्ग संपवू नये, ही माझी विनंती. आजींनी विचारले होते ते त्याच माणसांबद्दल.